पश्चिमेची वाट आणि पाटाचे पाणी

बदलीचा हुकूम हाती पडला की घरात जी धांदल उडते, ती या मासिकाच्या वाचकांना नव्याने सांगावयास नको. काय न्यावयाचे, काय मागे ठेवावयाचे, मुलांच्या शाळेचे काय, शेजाऱ्यांचे देणेघेणे कसे मिटवावयाचे, या विवंचनेत आठपंधरा दिवस जातात. आणि मग सामानाचे डाग मोजीत आपण गाडीत बसतो. पण या साऱ्या धांदलीमागे एक आश्वासन असते. जावयाच्या गावी काम ठरलेले असते, पगार ठरलेला असतो, आणि कधीतरी परतण्याची वाट मोकळी असते. ज्यांच्या पाठीशी असे कोणतेच आश्वासन नव्हते, पुढे घर नाही आणि मागे थारा नाही अशा अवस्थेत ज्यांनी शेकडो कोस चाकांवर संसार हाकला, त्यांची हकीकत वाचताना म्हणूनच आपले मन जरा अधिक गुंतते.

एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतील मिसिसिपी नदी ओलांडून पश्चिमेकडे जे लोक गेले, त्यांत नाना तऱ्हेचे लोक होते. कोणी कॅलिफोर्नियाच्या सोन्यामागे धावले, कोणी ऑरेगॉनच्या हिरव्या खोऱ्याकडे वळले, कोणी नुसतेच कर्ज चुकवून पळाले. परंतु जमिनीत मूळ धरावयाचे असा निश्चय करून निघालेले दोन प्रवाह इतिहासाच्या अभ्यासकाला विशेष विचार करावयास लावतात. एक प्रवाह मॉर्मन पंथीयांचा. तो १८४६ साली निघाला. दुसरा ‘होमस्टेडर’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या शेतकऱ्यांचा. तो १८६३ सालापासून सरकारी कायद्याच्या आधाराने वाहू लागला. पहिल्यांना देशाने हाकलले, दुसऱ्यांना देशाने बोलावले. आश्चर्य हे की, ज्यांना हाकलले ते अधिक उजाड मुलखात जाऊनही स्थिरावले, आणि ज्यांना आमंत्रण होते त्यांच्यापैकी निम्म्याहून अधिकांना रिकाम्या हाताने परतावे लागले. असे का झाले याचा शोध घेणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

हाकललेली माणसे

जोसेफ स्मिथ हा व्हर्मॉन्टमध्ये १८०५ साली जन्मलेला एका गरीब शेतकऱ्याचा मुलगा. आपणास ईश्वरी साक्षात्कार झाला आणि सोन्याच्या पत्र्यांवर कोरलेला प्राचीन ग्रंथ आपल्या हाती आला, असे त्याने जाहीर केले. त्या ग्रंथाचे भाषांतर म्हणून ‘बुक ऑफ मॉर्मन’ हे पुस्तक १८३० साली प्रसिद्ध झाले आणि त्याच वर्षी न्यूयॉर्क राज्यात त्याने आपल्या पंथाची स्थापना केली. त्या काळी त्या प्रदेशात नवे पंथ पावसाळ्यातील रोपांप्रमाणे उगवत होते, आणि बहुतेक तसेच सुकूनही जात होते. स्मिथचा पंथ टिकला, कारण त्याने अनुयायांना नुसता उपदेश केला नाही. एकत्र राहावयास, एकत्र जमीन घ्यावयास आणि एकाच्या अडचणीला सर्वांनी धावून जावयास शिकविले.

परंतु जे या पंथाचे बळ, तेच शेजाऱ्यांच्या डोळ्यांत सलू लागले. मिसूरी राज्यात हे लोक जथ्याने येऊ लागले तेव्हा तेथील जुन्या वसाहतवाल्यांनी हिशेब मांडला: हे सारे एकगठ्ठा मते देणार, एकमेकांकडूनच माल घेणार, जमिनी विकत घेत जाणार, आणि आज ना उद्या सगळी सत्ता यांच्या हाती जाणार. त्यातच मिसूरी हे गुलामगिरीचे राज्य, आणि आलेले बहुतेक लोक उत्तरेकडचे. १८३३ साली जॅक्सन परगण्यातून त्यांना मारझोड करून घालवून देण्यात आले. पुढे चकमकी वाढल्या. मॉर्मनांच्या बाजूनेही जाळपोळ झाली. अखेर २७ ऑक्टोबर १८३८ रोजी गव्हर्नर लिलबर्न बॉग्ज याने हुकूम काढला की, या लोकांस शत्रू समजावे आणि त्यांचा निःपात करावा किंवा त्यांस राज्याबाहेर घालवावे. एका लोकनियुक्त राज्यप्रमुखाने आपल्याच नागरिकांविरुद्ध काढलेला असा हुकूम अमेरिकेच्या इतिहासात शोधूनही फारसा सापडावयाचा नाही. त्यानंतर तीनच दिवसांनी हॉन्स मिल या लहानशा वस्तीवर हल्ला होऊन सतरा माणसे मारली गेली.

तेथून हे लोक इलिनॉयमध्ये आले. मिसिसिपीच्या काठच्या दलदलीत चर खणून, पाण्याचा निचरा करून त्यांनी नॉव्हू नावाचे शहर उभारले. पाचसहा वर्षांत त्याची वस्ती दहा हजारांवर गेली. पण येथेही जुनेच चक्र फिरले. स्मिथ हा नगराध्यक्ष, तोच तेथील फौजेचा सेनापती, तोच धर्मगुरू. शिवाय तो गुप्तपणे बहुपत्नीकत्वाचा पुरस्कार करतो अशी कुजबूज सुरू झाली, आणि ती खोटी नव्हती. त्याच्यावर टीका करणाऱ्या एका वृत्तपत्राचा छापखाना त्याच्या नगरपालिकेने मोडून टाकला. या प्रकरणी तो तुरुंगात असता २७ जून १८४४ रोजी जमावाने तुरुंगावर चाल करून त्याला व त्याच्या भावाला ठार केले. मॉर्मनांवर अन्याय झाला हे खरेच; परंतु धर्म, राज्य आणि शस्त्र या तिन्हींची सूत्रे एकाच हाती जाताना पाहून शेजारी बिचकले असतील, तर त्यांचे सर्वच भय निराधार होते असे म्हणता येत नाही.

गोठलेल्या नदीवरून

स्मिथच्या मागे पंथाची धुरा ब्रिगॅम यंग याच्याकडे आली. सुतारकाम आणि काचा बसविण्याचे काम करून पोट भरलेला हा माणूस फार शिकलेला नव्हता. पण हजारो माणसांना त्यांच्या पोटापाण्यासह एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी कसे न्यावे याची समज त्याच्याइतकी त्या काळी अमेरिकेत क्वचितच कोणाला असेल. फेब्रुवारी १८४६ मध्ये नॉव्हू सोडावयास आरंभ झाला. काही दिवसांतच थंडी इतकी वाढली की मिसिसिपी गोठली आणि गाड्या बर्फावरून पलीकडे नेता आल्या. आयोवाच्या चिखलातून जाण्यातच उन्हाळा सरला. मिसूरी नदीच्या काठी, आज जेथे ओमाहा शहर आहे तेथे, त्यांनी हिवाळ्यासाठी झोपड्या बांधल्या. त्या हिवाळ्यात उपासमार आणि रोगराई यांनी शेकडो माणसे दगावली.

याच सुमारास अमेरिकेचे मेक्सिकोशी युद्ध जुंपले होते. ज्या सरकारने आपले रक्षण केले नाही त्याच सरकारच्या फौजेत यंगने सुमारे पाचशे तरुण भरती करून दिले, आणि त्यांच्या पगाराचा मोठा भाग पंथाच्या प्रवासखर्चाकडे वळविला. याला कोणी निष्ठा म्हणेल, कोणी व्यवहार. दोन्हींचा थोडाथोडा अंश त्यात होता.

एप्रिल १८४७ मध्ये पहिली तुकडी निघाली. तीत १४३ पुरुष, तीन स्त्रिया आणि दोन मुले होती. या तुकडीचे वैशिष्ट्य असे की, ती स्वतःसाठी जात नव्हती, मागून येणाऱ्यांसाठी वाट आखीत होती. यापूर्वीच आयोवात त्यांनी मुक्कामाच्या जागी शेते पेरून ठेवली होती, ती मागाहून येणाऱ्यांनी कापावीत म्हणून. आता मैल मोजण्यासाठी विल्यम क्लेटन नावाच्या गृहस्थाने प्रथम गाडीच्या चाकाला कापड बांधून त्याचे फेरे दिवसभर मोजले. मग त्या कामाला कंटाळून लाकडी दातेरी चाकांचे एक यंत्रच बनवून घेतले. पाणी कोठे, चारा कोठे, उतार कोठे, याची मैलागणिक नोंद करून पुढे त्याने मार्गदर्शिका छापली. पश्चिमेकडे जाणाऱ्या इतर प्रवाशांनीही ती वापरली.

२४ जुलै १८४७ रोजी आजारी यंग एका गाडीत आडवा होऊन ग्रेट सॉल्ट लेकच्या खोऱ्यात पोहोचला. जागा मुद्दाम निवडलेली होती. फ्रेमॉन्ट या संशोधकाचे अहवाल त्यांनी वाचले होते. झाडी तुरळक, सरोवराचे पाणी खारे, पाऊस अपुरा. म्हणजे दुसऱ्या कोणाला हेवा वाटू नये अशी ही भूमी. तेव्हा ती मेक्सिकोच्या हद्दीत होती. अमेरिकेतून पळून आलेल्या या लोकांची निराशा अशी की, सातच महिन्यांनी, फेब्रुवारी १८४८ च्या तहाने, ती भूमी अमेरिकेच्या ताब्यात गेली. ज्यांच्या हद्दीतून बाहेर पडावयाचे, त्यांचीच हद्द मागोमाग चालत आली!

पाण्याची पाळी

यंग पोहोचण्याच्या आदल्याच दिवशी पुढे गेलेल्या लोकांनी एक गोष्ट करून ठेवली होती. जमीन इतकी कठीण होती की नांगर लागेना. तेव्हा त्यांनी डोंगरातून येणाऱ्या ओढ्याला बांध घालून पाणी जमिनीवर फिरविले, ती भिजविली आणि बटाटे लावले. पूर्वेकडील पावसाळी मुलखात वाढलेल्या या माणसांना पाटाच्या पाण्याची शेती ठाऊक नव्हती. गरजेने ती एका दिवसात शिकविली.

यंगने आरंभीच जाहीर केले की ओढे आणि रान यांवर कोणाची खाजगी मालकी राहणार नाही. शहराच्या रुंद रस्त्यांच्या कडेने पाट काढले. शेतीची जमीन गावाबाहेर लहान लहान तुकड्यांत, ज्याला जेवढी कसता येईल तेवढी, चिठ्ठ्या टाकून वाटली. पाटाचे काम सर्वांनी मिळून करावयाचे, आणि ज्याने जितके श्रम दिले असतील त्या मानाने त्याला पाण्याची पाळी मिळावयाची. पाळीवरून तंटे झाले तर ते गावचा धर्माधिकारी मिटवी. १८५२ साली यूटाच्या विधिमंडळाने पाणी व जंगल यांचे नियंत्रण परगण्याच्या न्यायालयांकडे सोपविले. धुळे-नाशिककडची फडपद्धती ज्यांनी पाहिली असेल त्यांना या व्यवस्थेचे मर्म चटकन ध्यानी येईल. पाणी थोडे असले की ते एकाचे असून भागत नाही.

संकटे आलीच. १८४८ च्या उन्हाळ्यात नाकतोड्याच्या जातीच्या काळसर किड्यांच्या झुंडी पिकावर उतरल्या. मग सरोवराकडून कुरव पक्ष्यांचे थवे आले आणि त्यांनी किडे फस्त केले. पंथाच्या आठवणीत या घटनेने चमत्काराचे रूप घेतले आणि सॉल्ट लेक शहरात त्या पक्ष्यांचे स्मारकही उभे राहिले. तथापि त्या वर्षी बरेचसे पीक बुडालेच. वसाहत तगली ती किड्यांपासून वाचलेले धान्य सर्वांनी वाटून खाल्ले म्हणून.

हातगाड्यांचा हिवाळा

खोरे वसवावयाचे तर माणसे पाहिजेत. त्यासाठी १८४९ साली एक कायम निधी उभारण्यात आला. त्यातून गरिबांना प्रवासासाठी कर्ज मिळे. स्थिरावल्यावर त्यांनी ते फेडावे आणि त्या पैशात पुढची माणसे यावीत, अशी योजना होती. प्रचारक साऱ्या जगभर धाडले गेले. ब्रिटन व स्कँडिनेव्हियामधील गिरणी कामगारांनी, खाणमजुरांनी आणि शेतमजुरांनी त्यांना भरघोस प्रतिसाद दिला. आपल्या वाचकांना नवल वाटेल, पण १८५२ साली ह्यू फिंडले नावाचा एक प्रचारक मुंबईतही उतरला आणि मुंबई व पुणे येथे, मुख्यतः युरोपीय वस्तीत, त्याने थोडे अनुयायी मिळविले. मात्र हिंदुस्थानातील हे कार्य रुजले नाही, आणि काही वर्षांतच प्रचारक परत गेले.

त्याच काळात लेव्हाय सॅव्हेज नावाचा दुसरा एक प्रचारक सयामला जावयास निघून कलकत्त्यामार्गे ब्रह्मदेशात जाऊन राहिला होता. परतीच्या वाटेवर, १८५६ साली, तो एका विलक्षण शोकांतिकेचा साक्षीदार झाला. त्या वर्षी निधीत खडखडाट होता. बैलगाड्यांचा खर्च परवडेना, म्हणून यंगने हुकूम दिला की लोकांनी सामान हातगाड्यांवर घालून पायी यावे. मोठ्या माणसामागे अंथरूण-कपड्यांचे अवघे सतरा पौंड वजन. आणि आयोवापासून अंतर तेराशे मैलांचे. पहिल्या तीन तुकड्या सुखरूप पोहोचल्या. शेवटच्या दोन मात्र उशिरा निघाल्या. ओल्या लाकडाच्या गाड्या वाटेत तडकू लागल्या. ऑगस्टमध्ये मिसूरीकाठी सभा भरली, तेव्हा सॅव्हेजने उठून सांगितले की इतक्या उशिरा म्हाताऱ्याकोताऱ्यांना घेऊन पुढे जाणे म्हणजे मृत्यूला बोलावणे आहे. त्याच्यावर अश्रद्धेचा ठपका आला आणि निर्णय जाण्याचाच झाला. तेव्हा त्याने म्हटले की तुम्ही जाणारच असाल, तर मीही बरोबर येतो आणि तुमचे हाल वाटून घेतो.

ऑक्टोबरात वायोमिंगच्या उंच पठारावर बर्फाने त्यांना गाठले. शिधा संपत आला होता. सकाळी उठून पाहावे तो तंबूत माणसे थिजून गेलेली. ही बातमी कळताच यंगने भर सभेत इतर सर्व विषय बाजूला सारून घोडे, गाड्या आणि पीठ मागितले, आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच मदतीची पथके डोंगराकडे निघाली. तरीही सुमारे हजार माणसांपैकी दोनशेंहून अधिक वाटेतच मेली. माणसांना या संकटात लोटणारा हुकूम आणि त्यांतून त्यांना सोडविणारी शिस्त या दोन्ही गोष्टी एकाच सत्तेतून निघाल्या होत्या. १८६९ साली आगगाडी सुरू होईपर्यंत सुमारे सत्तर हजार मॉर्मन पश्चिमेस आले. ते आले ते या सत्तेच्या बळावर, आणि त्यातील काहीजण मेले तेही तिच्याच हट्टापायी.

याच आंधळ्या आज्ञाधारकतेचे सर्वांत काळे पान पुढच्याच वर्षी लिहिले गेले. केंद्र सरकारने १८५७ साली यूटावर फौज पाठविली तेव्हा सर्वत्र युद्धज्वर चढला होता. त्या वातावरणात आर्कान्सामधून कॅलिफोर्नियाकडे जाणाऱ्या एका काफिल्याला दक्षिण यूटातील मॉर्मन शिबंदीने आणि तिने सोबत घेतलेल्या काही पायूट लोकांनी वेढले. पांढरे निशाण दाखवून, सुखरूप जाऊ देण्याचे वचन देऊन, शस्त्रे ठेवावयास लावली, आणि मग ११ सप्टेंबर रोजी सुमारे १२० स्त्रीपुरुषांची व मुलांची कत्तल केली. वाचली ती फक्त सतरा लहान मुले. कित्येक वर्षे सगळा दोष पायूट लोकांवर ढकलण्यात आला. शेवटी जॉन ली या एकाच माणसाला १८७७ साली देहदंड झाला. जे लोक स्वतः छळातून पळून आले होते, त्यांच्याच हातून हे घडावे, याहून विषण्ण करणारे काय असेल?

बोलावलेली माणसे

आता दुसऱ्या प्रवाहाकडे वळू. पडीक सरकारी जमीन कसणाऱ्याला फुकट द्यावी, ही मागणी अमेरिकेत जुनी होती. दक्षिणेच्या गुलाम-मालकांचा तिला विरोध होता. लहान शेतकऱ्यांनी पश्चिम भरली तर तेथे गुलामगिरीला वाव उरणार नाही हे ते ओळखून होते. १८६० साली संमत झालेले विधेयक अध्यक्ष ब्यूकॅनन यांनी नाकारले. यादवी युद्ध सुरू होऊन दक्षिणेचे प्रतिनिधी निघून गेले तेव्हा वाट मोकळी झाली, आणि २० मे १८६२ रोजी लिंकन यांनी होमस्टेड कायद्यावर सही केली.

कायदा थोडक्यात असा: कुटुंबप्रमुख किंवा एकवीस वर्षे पूर्ण झालेली कोणतीही व्यक्ती, नागरिक असो वा नागरिकत्वाचा इरादा जाहीर केलेली असो, आणि सरकारविरुद्ध शस्त्र न उचललेली असो, तिने १६० एकर जमीन निवडावी, पाच वर्षे तेथे राहावे, घर बांधावे, जमीन कसावी, मग जमीन तिची. सगळे मिळून शुल्क अठरा डॉलर. अविवाहित स्त्रिया आणि विधवा यांनाही हा हक्क होता, आणि हजारोंनी तो बजावला. कायदा १ जानेवारी १८६३ रोजी अमलात आला. गुलामांच्या मुक्ततेचा जाहीरनामा अमलात आला तोही याच दिवशी. युद्धानंतर मुक्त झालेल्या काळ्या लोकांपैकी कित्येकांनी कॅन्ससची वाट धरली. केंटकीहून आलेल्यांनी १८७७ साली वसविलेले निकोडेमस हे गाव त्याची आजही साक्ष देते.

लोक का आले? कोणी पूर्वेकडील कुळपणाला कंटाळून, कोणी युद्धातून परतल्यावर घर उरले नाही म्हणून. नॉर्वे-स्वीडनकडे वाटण्या होऊन होऊन शेताचे तुकडे झाले होते. जर्मनी, बोहेमिया आणि रशिया येथून सक्तीच्या लष्करी नोकरीला भिऊन कित्येक आले. शिवाय आगगाडीच्या कंपन्यांना सरकारने रुळांच्या दुतर्फा लक्षावधी एकर जमीन बक्षीस दिली होती. ती विकावयास त्यांनी युरोपभर दलाल नेमले आणि माळरान म्हणजे नंदनवन अशी जाहिरात केली. नांगराच्या मागोमाग पाऊस येतो, म्हणजे जमीन फोडली की हवामान बदलते, असा एक सिद्धांतही त्यांनी हाताशी धरला. १८७० नंतरच्या काही वर्षांत पाऊस बरा झाला, तेव्हा लोकांना तो खराही वाटला.

माळावरचे आयुष्य

नेब्रास्का, कॅन्सस आणि डकोटाच्या माळावर पहिली अडचण लाकडाची. घर बांधावयास झाड नाही. तेव्हा गवताच्या मुळ्यांनी घट्ट विणलेल्या जमिनीचे चौकोनी तुकडे नांगराने काढून ते विटांसारखे रचीत. असे घर उन्हाळ्यात थंड आणि हिवाळ्यात उबदार असे. पण पाऊस आला की छत दोन दिवस गळे, आणि स्वयंपाक करताना वरून माती, किडे, कधी सापही पडे. सरपण नाही, म्हणून गव्यांच्या वाळलेल्या शेणाच्या गोवऱ्या वेचून आणाव्या लागत. आपल्याकडील गृहिणीला यात काही विशेष वाटणार नाही. पण त्या बायकांनी प्रथम हातमोजे घालून, मग पदराने धरून आणि शेवटी नुसत्या हातांनी त्या उचलल्या, असे वर्णन आढळते.

परंतु खरे दुःख होते ते एकटेपणाचे. कायद्याची अट अशी की प्रत्येकाने आपापल्या १६० एकरांवरच राहिले पाहिजे. अर्धा मैल लांब आणि अर्धा मैल रुंद असा प्रत्येकाचा चौकोन. म्हणजे शेजाऱ्याचा दिवा दिसला तर नशीब. बाळंतपण, आजार, मरण, सारे ज्याचे त्याने. १२ जानेवारी १८८८ रोजी उबदार सकाळ पाहून मुले शाळेत गेली. दुपारी एकाएकी हिमवादळ सुटले आणि घराच्या वाटेवर चुकून दोनशेंहून अधिक माणसे गोठून मेली, त्यांत मुले पुष्कळ होती. त्याआधी १८७४ साली टोळांनी डकोटापासून टेक्सासपर्यंत पिके, झाडांच्या साली, अवजारांचे दांडेसुद्धा कुरतडले होते. गंमत अशी की, टोळांची ही जात पुढे पार नाहीशी झाली. १९०२ नंतर तिचा एकही जिवंत किडा कोणाला सापडलेला नाही. डोंगराच्या पायथ्याच्या ज्या खोऱ्यांत तिची पैदास होई तीच शेतकऱ्यांनी नांगरून टाकली, असे काही अभ्यासक मानतात.

तरी माणसे नेट धरून राहिली. १८७४ साली ग्लिडनने काटेरी तारेचे पेटंट घेतले आणि लाकडावाचून कुंपण घालता येऊ लागले. पवनचक्कीने खोल विहिरीतले पाणी वर आले. मात्र ही साधने उधारीवर येत. गहू पिकला की भाव उतरत, आगगाडीचे भाडे चढे, आणि सावकाराचे व्याज थांबत नसे. या असंतोषातून १८९२ साली शेतकऱ्यांनी स्वतःचा राजकीय पक्षही उभा केला.

लबाडीही झाली. कायद्याच्या एका कलमाचा फायदा घेण्यासाठी ‘बारा बाय चौदा’चे घर आहे अशी शपथ घेऊन बारा इंच बाय चौदा इंचांचे खेळण्यातले घर ठेवणाऱ्यांच्या कथा प्रसिद्ध आहेत, चाकांवरची खोली या शेतातून त्या शेतात नेऊन साक्ष देणारेही होते. पूर्वी समजले जाई तितकी लबाडी सर्रास नव्हती, असे अलीकडील संशोधन सांगते. सरकारी दप्तराशी संबंध असलेल्या आपल्यासारख्यांना दोन्ही गोष्टी पटतील.

पॉवेलचा अहवाल

हे सारे का बिघडले, याचे निदान एका माणसाने वेळीच केले होते. जॉन वेस्ली पॉवेल हा यादवी युद्धात उजवा हात गमावलेला सैनिक. पुढे त्याने कोलोरॅडो नदीतून धाडसी प्रवास केला. १८७८ साली त्याने सरकारला अहवाल दिला. त्याचे म्हणणे असे: शंभराव्या रेखांशाच्या सुमारास अमेरिकेचे दोन भाग पडतात. पलीकडे वर्षाला वीस इंचांहून कमी पाऊस पडतो, आणि तेथे पाटाच्या पाण्यावाचून शेतीचा भरवसा नाही. पाणी असेल तेथे ऐंशी एकर पुरेत. नसेल तेथे गुरे चारावयास अडीच हजार एकरही थोडेच. १६० एकरांचा आकडा पूर्वेच्या पावसाला धरून ठरलेला आहे. म्हणून चौकोन आखणे सोडा, पाण्याच्या मानाने जमीन आखा, आणि शेतकऱ्यांच्या संघांना पाण्याची व्यवस्था करू द्या. हे लिहिताना त्याच्या डोळ्यांपुढे यूटातील मॉर्मनांचे पाट होते. अहवालात त्यांचा सविस्तर विचार आहे.

अहवाल दप्तरात गेला. जमिनीचे दलाल, आगगाडीवाले आणि नवी राज्ये वसवू पाहणारे पुढारी यांना रखरखीत सत्य नको होते. १८९० नंतर लागोपाठ दुष्काळ पडले, आणि पश्चिम कॅन्सस व नेब्रास्कातील गावेच्या गावे गाड्या जुंपून उलट पूर्वेकडे निघाली. १८९३ साली लॉस एंजेलिसच्या जलसिंचन परिषदेत पॉवेलने पुन्हा बजावले की आहे त्या पाण्यात सगळी जमीन भिजणार नाही, तुम्ही तंट्यांचा वारसा रचीत आहात. श्रोत्यांनी आरडाओरड करून त्याला खाली बसविले. पुढे १९०९ साली ३२० व १९१६ साली ६४० एकरांची सवलत आली; पण तोवर आणखी कोरडे माळ नांगरून झाले होते. १९३० नंतरच्या दशकात त्या माळांची माती वाऱ्यावर उडाली.

एक गंमतीचा प्रसंग येथे नोंदविण्यासारखा आहे. १८६९ पर्यंत सॉल्ट लेकमध्ये जमिनीचे सरकारी दप्तरच नव्हते. म्हणजे बावीस वर्षे कसलेल्या शेतांवर मॉर्मनांची कायदेशीर मालकी नव्हती. दप्तर उघडल्यावर होमस्टेड कायद्याने मालकी घ्यावी, तर तो म्हणतो स्वतःच्या १६० एकरांवर राहा. आणि हे तर गावात राहणारे, दहावीस एकरांचे धनी. मग गावकऱ्यांनी तोड काढली: एकाने आपल्या नावावर जमीन घ्यावयाची आणि मागाहून सर्वांना त्यांचे त्यांचे तुकडे लिहून द्यावयाचे. यात विश्वास हेच तारण. असा व्यवहार डकोटाच्या माळावर, एकमेकांची भाषाही न समजणाऱ्या शेजाऱ्यांत, होणे कठीण होते.

मात्र यावरून मॉर्मनांना आदर्श ठरविण्याची घाई करू नये. या संघभावनेची किंमत व्यक्तीला मोजावी लागे. सर्व मालमत्ता एकत्र करण्याचे १८७४ चे प्रयोग त्यांच्यातही बहुतेक ठिकाणी लवकरच मोडले. बहुपत्नीकत्वापायी सरकारशी दीर्घ झगडा झाला. शेकडो लोक तुरुंगात गेले, पंथाची मालमत्ता जप्त झाली, आणि १८९० साली ती प्रथा सोडल्याचे जाहीर केल्यावरच १८९६ साली यूटाला राज्याचा दर्जा मिळाला.

कोणाची जमीन?

आतापर्यंत आपण ‘पडीक’, ‘फुकट’, ‘कोणाला नको असलेली’ असे शब्द सहज वापरले. ते त्या काळच्या दप्तरांतील शब्द आहेत. ती जमीन पडीक नव्हती. यूटाच्या ओढ्यांकाठी यूट, शोशोनी आणि पायूट लोकांची शिकार व कंदमुळे होती. ज्या पाण्याने मॉर्मनांचे पाट भरले, त्याच पाण्यावर त्यांचे जगणे होते. यंग म्हणे की त्यांच्याशी लढण्यापेक्षा त्यांना खाऊ घालणे स्वस्त. पण वस्ती वाढत गेली तशा लढाया झाल्याच, आणि यूट लोकांना अखेर दूरच्या राखीव प्रदेशात ढकलण्यात आले. होमस्टेड कायदा ज्या वर्षी संमत झाला त्याच वर्षी मिनेसोटात कराराचे पैसे वेळेवर न मिळाल्याने उपाशी डकोटा लोकांनी उठाव केला. २६ डिसेंबर १८६२ रोजी, म्हणजे कायदा अमलात येण्याच्या सहाच दिवस आधी, त्यांच्यापैकी ३८ जणांना एकाच वेळी फाशी देण्यात आले. १८८७ च्या एका कायद्याने मूळ रहिवाशांनीही चौकोनी शेते घ्यावीत असे ठरले, आणि उरलेली जमीन ‘जादा’ म्हणून काढून घेण्यात आली. त्यांच्याकडे १८८७ साली सुमारे १३ कोटी ८० लक्ष एकर जमीन होती. १९३४ साली ४ कोटी ८० लक्ष उरली. दोन्ही काफिल्यांच्या यशापयशाचा जमाखर्च मांडताना ही बाजू वगळली तर हिशेब खोटा ठरेल.

होमस्टेड कायद्याखाली सुमारे चाळीस लक्ष दावे दाखल झाले आणि त्यांपैकी सुमारे सोळा लक्ष पुरे झाले. त्यातून २७ कोटी एकर, म्हणजे त्या देशाची जवळजवळ एकदशांश भूमी, खाजगी मालकीची झाली. जे टिकले त्यांच्या नातवंडांना शाळा, घर आणि मताचा अधिकार मिळाला, हे काही थोडे नव्हे. अलास्का वगळता हा कायदा १९७६ साली रद्द झाला. योगायोग असा की, त्याच वर्षी मिसूरीच्या गव्हर्नरने बॉग्जचा तो जुना हुकूम मागे घेऊन झाल्या गोष्टीबद्दल खेद प्रकट केला. म्हणजे मॉर्मनांना हाकलणारा कागद आणि शेतकऱ्यांना बोलावणारा कागद, दोन्ही एकाच साली निकालात निघाले.

पाण्याचा प्रश्न मात्र निकालात निघालेला नाही. ज्या ओढ्यांवर यूटा वसला, ते ओढे ज्या सरोवराला मिळत, ते ग्रेट सॉल्ट लेक शेतीसाठी व शहरांसाठी वळविलेल्या पाण्यामुळे आटत चालले. २०२२ साली त्याची पातळी नोंदींच्या इतिहासातील नीचांकाला पोहोचली, आणि उघड्या पडलेल्या तळाची धूळ शहरावर येऊ लागली. पाळी लावून पाणी वाटणाऱ्या त्या शहाण्या लोकांनी सर्वांची पाळी लावली. सरोवराची आणि मूळ रहिवाशांची तेवढी लावावयाची राहिली. नव्या मुलखात जाणाऱ्याने, मग तो तेथे तीन वर्षे राहावयाचा असो की पिढ्यान्‌पिढ्या, आपल्याआधी तेथे कोणाची पाळी होती एवढे विचारून घ्यावे.